वहिनीच्या मनगटासाठी चिप

सोमवारपासून दादाची रात्रपाळी सुरू होणार होती आणि नणंदबाई अजून चिपच निवडत बसल्या होत्या. वहिनीला ऐकू येत नसे. बाळ रडलं की दादा तिला हलवून उठवायचा. तो घरी नसला की ती बाळाच्या छातीवर हात ठेवून टक्क जागी बसायची. "माझ्या लेकीची हाक मला नेहमी दुसऱ्याकडूनच कळते," असं एकदा ती हातांनी बोलली होती. तेव्हा नणंदेनं, जी यंत्रांमधल्या चिपसाठी प्रोग्रॅम लिहूनच पोट भरायची, छातीठोकपणे सांगून टाकलं, "रडणं ऐकलं की थरथरणारा पट्टा करून देते." आता बोलून बसली होती.

टेबलावर दोन मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एकाच चिपमध्ये मावणारे छोटे संगणक, होते. मोठा भलताच हुशार, पण त्याला पोसायची बॅटरी एवढी की पट्टा कसला, बेडीच झाली असती. त्याचं सॉफ्टवेअर किट म्हणजे बडा घर पोकळ वासा. नमुन्याचे प्रोग्रॅमसुद्धा धड चालेनात. धाकटा साधा, पण त्याच्या किटमध्ये लिहिलेलं असायचं तसंच घडायचं. शांतता असली की हा झोपतो, आवाज झाला की उठतो, असंही लिहिलं होतं. चिप किती वीज खाते ते दाखवणाऱ्या मीटरवरचा आकडा मात्र सांगत होता की पठ्ठ्या झोपतच नाही. अशानं बॅटरी मध्यरात्रीच मान टाकणार.

"मोठाच घे ना," बाळाला खांद्यावर टाकून येरझाऱ्या घालत दादा म्हणाला. "जड तर जड."

"तुझ्या हाताला बांधते, मग बोल!"

पण शनिवारी तिचाही धीर सुटला. डीबगरची केबल, म्हणजे चिपच्या पोटात काय चाललंय ते लॅपटॉपवर दाखवणारी तार, मोठ्याला लावायची म्हणून तिनं धाकट्याची उपटली. "बस आता बोंबलत!"

मीटरवरचा आकडा धाडकन खाली आला. जवळजवळ शून्य.

तिनं कपाळावर हात मारून घेतला. ही केबल जोडलेली असली की चिप झोपत नाही, हे ऑफिसातल्या नवख्यांना तीच तर शिकवायची! "आपणच चिमटे काढायचे आणि वर विचारायचं, झोपत का नाहीस!"

"भाचीला झोपली का बघायला हलवतेस, तसंच ना?" दादानं हात धुऊन घेतले.

रविवारी दुपारी वहिनी धाकट्या चिपचा हलका पट्टा बांधून झोपली. भाऊ-बहीण दाराशी उभे राहिले. बाळ रडायला लागलं. दादाचा हात सवयीनं पुढे झाला, तो नणंदेनं घट्ट धरून ठेवला.

वहिनी दचकून उठली, मनगटाकडे पाहिलं, बाळाला छातीशी धरलं. मग दारातल्या दोघांकडे बघत मोकळ्या हातानं तिनं विचारलं, "कुणी उठवलं मला?"

दादाचे डोळे भरून आले होते. नणंदेनंच हातांनी उत्तर दिलं, "तुझ्या लेकीनं."