लाल्याची खाज

कौशल्याबाईच्या तोंडाला दुसरबीड गावात कोणी लागत नव्हतं. लागलंच, तर त्या दिवशी त्याला जेवण गोड लागत नव्हतं. आणि सध्या ते तोंड दिवसातून तीनदा एकाच दिशेला सुटत होतं: मधल्या भिंतीपलीकडे, धाकट्या जावेच्या अंगणात.

"जनके! काय टाकून राह्यली वं माह्या कुत्र्यापुढं? तोंडात जीभ असंल तं बोल!"

पलीकडे आधी भांडं आपटलं. मग जनकाबाईचा आवाज आला.

"इष द्याचं असतं तं एकाच दिवशी देल्लं असतं, बाई! असं चिमटी-चिमटीनं कायले देऊ? मले दुसरे कामं नाईत का?"

भिंत वाटणीची होती, पाच वर्षांपूर्वीची. भांडण तिच्याहून जुनं. कशावरून लागलं ते दोघींनाही धड सांगता आलं नसतं, पण म्हणून काय झालं? भांडायला कारण लागतं असं ज्याला वाटतं, त्याला जावा-जावांचं घर माहीत नाही.

या खेपेला मात्र कारण होतं, आणि ते भिंतीला अंग घासत उभं होतं. लाल्या. कौशल्याबाईचा नवरा कचरू यानं शेताच्या बांधावरून उचलून आणलेलं पिल्लू, आता सहा वर्षांचं झालेलं. फाल्गुनात कचरूच्या छातीत कळ आली आणि तासाभरात माणूस गेलं. तेव्हापासून घरात ही बाई आणि हे कुत्रं. वांग्यात रानडुकरं शिरली तर लाल्या भुंकायचा. बाईनं घरात एकटीनं कोणाला शिव्या घातल्या तर लाल्या कान हलवायचा. एवढाच काय तो तिला उत्तर देणारा जीव उरला होता.

वैशाखात त्याला खाज सुटली. आधी पंजे चाटू लागला, मग कान लाल झाले, मग पोटावरचे केस गेले, आणि आषाढापर्यंत खाजवून खाजवून त्यानं अंगातून रक्त काढलं. गाव म्हणालं, खरूज. बाईनं कडुलिंबाचा पाला उकळून त्याला धुतलं, गंधक-तेल चोळलं. काडीचा फरक नाही. शेवटी धाकटा दीर, जनकाबाईचा नवरा रामराव, चार माणसं घेऊन दारात आला. त्याच्या बारा शेळ्या भिंतीपलीकडेच बांधलेल्या.

"वैनी, माह्या शेळ्यायले लागली तं मी बसलो. दसऱ्यापर्यंत बरं झालं तं ठीक. नाई तं गाडीत घालून घाटात सोडून येतो."

"बिबट्यापुढं?"

"मंग काय पाटावर बसवू त्याले?"

कौशल्याबाईनं त्याच्या मागे पायातली चप्पल फेकली. ती लागली नाही याचं तिला चार दिवस वाईट वाटलं.

दुसऱ्याच सकाळी ती लाल्याला घेऊन गुरांच्या दवाखान्यात गेली. तिथल्या डॉक्टर धम्मशीला मॅडमनी पात्याने त्याचं कातडं खरवडलं, काचेवर घेतलं आणि बराच वेळ पाहिलं.

"मावशी, ही खरूज नाही. किडा दिसत नाही, पिसवा नाहीत. कोणाच्या शेळीला काही होत नाही. याला खाण्यातलं काहीतरी सोसत नाहीये. कधीपासून आहे?"

"आमचे हे गेले, त्याच्या मांगून."

"तेव्हा याच्या खाण्यात काय बदललं?"

"काय बदलते? घरातलं एक माणूस कमी झालं, बस."

मॅडमनी कागदावर लिहून दिलं. सहा आठवडे फक्त उकडलेली अंडी आणि उकडलेले बटाटे. भाकर नाही, पोळी नाही, दूध नाही, शेजाऱ्याचं उष्टं तर अजिबात नाही. "चिमूटभर दुसरं पोटात गेलं, तरी सगळं मुसळ केरात. मग कशानं होतंय ते कधीच कळणार नाही. आणि ते कळल्याशिवाय औषधाचा काही उपयोग नाही."

श्रावण चालू होता. माळकरणीच्या घरात अंडी! बाईनं अंगणात तीन दगडांची चूल मांडली, नाकाला पदर लावला आणि शिजवली. पलीकडून जनकाबाई खोकली. मुद्दामच खोकली.

"खोक, खोक! तुह्या शेळ्यायपेक्षा माह्या लाल्याचा जीव महाग हाय मले!"

पोळा झाला, गणपती बसले, उठले. बाईनं एक दिवस चुकवला नाही. लाल्याची खाज मात्र तसूभर हटेना. मॅडमनी त्याचे कान पाहिले आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"मावशी, याला कोणीतरी काहीतरी घालतंय."

झालं! बाईला आणखी काय पाहिजे होतं? ती रस्त्यानंच ओरडत घरी आली. सांडलीन, घरबुडवी, नवरा गेल्यावर आता कुत्रंही खाते का, काय काय म्हणाली ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्या संध्याकाळी अर्धी आळी ओट्यावर येऊन ऐकत होती. जनकाबाईनं तोंडातून ब्र काढला नाही. हे मात्र नवल होतं.

आणि नवल पुढेच. पंधरा दिवसांत लाल्याचं खाजवणं कमी झालं. कान निवले. पोटावर मऊ लव दिसायला लागली.

"पाह्यलं?" बाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. "शिव्या देल्ल्या तशी भेली सटवी! बंद केलं टाकणं!"

दसरा दोन दिवसांवर आला. दिवेलागणीला बाईनं नेहमीसारखी कचरूची वाटी घेतली. सासूनं घातलेली रीत होती. माणूस गेलं की साल भरेपर्यंत रोज संध्याकाळी पहिला घास त्याच्या नावानं ओट्याच्या कोपऱ्यावर ठेवायचा, पाठ फिरवायची, घरात जायचं. मागं पाहायचं नाही. कोणता मुका जीव येऊन नेतो ते पाहायचं नाही, कारण नेणारा तोच असतो. कचरूला दूध-पोळी जिवापाड आवडायची. म्हणून बाई रोज गव्हाची पोळी दुधात भिजवायची. स्वतः कोरडी भाकर खायची, पण त्याच्या घासाला खंड नव्हता. फाल्गुनापासून एकदाही नाही.

घास ठेवून ती वळली. उंबऱ्यापाशी गेली आणि मागं बांगड्या वाजल्या.

मागं पाहायचं नव्हतं. तिनं पाहिलं.

ओट्यापाशी जनकाबाई उभी होती. दुधाची पोळी तिच्या हातात. आणि तो हरामखोर लाल्या तिच्यापुढं शेपूट हलवत होता.

"चोट्टे! मेलेल्या माणसाचा घास चोरतं? करणी करतं माह्या नवऱ्यावर?" बाईनं तिचं मनगटच धरलं. "चाल चावडीवर! आज तुले सोडतच नाई!"

"सोड हात," जनकाबाई म्हणाली. लग्न होऊन आल्यापासून अठ्ठावीस वर्षं, भांडणातसुद्धा, तिनं मोठ्या जावेला 'तुमी'च म्हटलं होतं. "आजच नाई आली मी. पंधरा दिस झाले, रोज उचलून राह्यली. त्याच्या पोटाकडं पाह्य. केस कधी आले? तुह्या शिव्यायनं आले?"

बाईचा हात ढिला पडला.

"हा घास कोण खाते वाटते तुले? तू पाठ फिरवतं, आन् हे कुत्रं दोन घोटात गिळते. मले भिंतीवरून दिसते ना! दिवसभर अंडे-बटाटे, आन् दिवेलागणीले दूध-पोळी."

"ते... ते कुत्र्याचं नाई. ते आमच्या ह्यायचं हाय."

"भासऱ्यायनं जित्तेपणी कधी कुत्र्याले दूध-पोळी देल्ली? आठव! वाटीत थेंब राह्यला तं वाटी तोंडाले लावून पेत होते ते. लाल्याले देत ज्वारीची कोरडी भाकर. दूध तं तू चालू केलं, ते गेल्यावर. तूच चारलं, तूच कातडं सोललं त्याचं, आन् गावभर नाव माह्यं घेतलं."

"मंग सांगितलं काऊन नाई?"

"सांगितलं असतं तं जित्ती ठेवली असती का मले? 'नवऱ्याचा घास बंद कर म्हणते' म्हणून शेण घातलं असतं तोंडात." तिनं पोळी पदरात गुंडाळली. "आन् तुह्यासाठी नाई केलं. कुत्र्यासाठी तं नाईच नाई. रातभर माह्या टिनाले अंग घासते, झोप येत नाई मले. म्हणून केलं."

ती गेली. बाई ओट्यावर बसली ती उठेचना. डॉक्टरणीनं विचारलं होतं, काय बदललं? ती म्हणाली होती, काही नाही. फाल्गुनापासून तिला वाटत होतं, कचरू येतो, घास घेतो, जातो. येत होता लाल्या. तिनं जीव लावून भिजवलेली पोळी रोज त्याच्या अंगाची आग करत होती, आणि वर ती त्याला मायेनं विचारायची, काय झालं रे बाळा. तिला स्वतःच्या हाताची शिसारी आली. ती रडली, चांगली मोठ्यानं रडली, आणि लाल्यानं तिचे हात चाटले, तेव्हा तिनं ते झटकन ओढून घेतले. बोटांना दूध होतं.

दसऱ्याला सकाळी रामराव दोरी घेऊन आला. लाल्याच्या पोटावरून हात फिरवून दोरी तशीच घेऊन परत गेला.

संध्याकाळी बाईनं लाल्याला आत खुंटीला बांधलं. दाराला कडी घातली. वाटी घेतली. साल भरायला अजून पाच महिने होते, आणि घास मुक्या जीवाच्याच पोटात जायला पाहिजे. ती भिंतीला वळसा घालून जनकाबाईच्या फाटकापाशी गेली. या फाटकात पाय ठेवला तर बापाचं नाव सांगणार नाही, असं ती पाच वर्षांपूर्वी चार लोकांत म्हणाली होती. पाय ठेवला नाही. बाहेरच उभी राहिली.

जनकाबाई शेळ्यांपुढं पाला टाकत होती. तिनं पाहिलं. ये म्हणाली नाही.

"शेळीले..." बाई एवढंच म्हणाली. वाटी तिनं पुढं धरली.

जनकाबाईनं पाल्याची शेवटची फांदी टाकली, हात झटकले आणि तोंड दुसरीकडे फिरवलं.

"ठेवा तिथं," ती म्हणाली. "आन् मांगं पाहू नका."

कौशल्याबाईनं वाटी फाटकाशी ठेवली आणि पाठ फिरवली. मागं शेळीच्या गळ्यातली घंटी वाजत जवळ आली. आणि जन्मात पहिल्यांदा तिनं जनकाबाईचं ऐकलं.