वाटेतला चहा

केमिस्टबाईंनी नळी उजेडात धरली, हलवली, पुन्हा धरली. गुलाबी. फिकाबिका नाही, शाळेतल्या पोरीच्या रिबिनीसारखा ठसठशीत गुलाबी.

हा रंग या खोलीत गेल्या कित्येक महिन्यांत उगवला नव्हता. खाणीत सोनं वेगळं काढलं की मागे राहिलेल्या पाण्यात सायनाइड उरतं. तिथल्या टाकीत त्यावर पेरॉक्साइड सोडतात. ते विषाला मोडून काढतं आणि पाणी वाहत वाहत ओढ्याला मिळतं. रोज सकाळी टाकीच्या तोंडाशी एक बाटली भरून गाडीने बाईंकडे यायची. नळी नितळ राहिली की ओढ्याकडचं दार उघडंच ठेवायचं, गुलाबी झाली, म्हणजे विष उरलंय, की ते खाली पाडून बंद करायचं. दार पाडलं की खाण थांबते, त्यामुळे खाणीच्या साहेबांना गुलाबी रंगाचं वावडं होतं.

"जाऊ मी?" ड्रायव्हरने विचारलं. गाडी बैलगाडीसारखी हाकतो म्हणून सगळे त्याला सुसाट म्हणत.

"आज लवकर आलात."

"रोजच्याच वेळेला आलो की."

"रोज मी येऊन, टेबल पुसून तुमची वाट बघते. आज तुम्ही कुलपापाशी उभे."

सुसाटने टोपी काढून फिरवायला घेतली. खोटं बोलायचं असलं की माणूस आधी हातांना कामाला लावतो.

"रस्ता मोकळा होता."

"त्या रस्त्याला म्हशींशिवाय असतं कोण?"

तेवढ्यात साहेबांचा फोन आला. "काय बाई, नेहमीचंच ना?"

"थोडा वेळ द्या, साहेब."

"वेळ कशाला? काल होतं तेच पाणी आहे." ते हसले.

काल होतं तेच. फोन ठेवल्यावरही बाईंच्या कानातून ते जाईना. बाटलीत उरलेल्या पाण्यात, काचेला धरून, बारीक बुडबुडे वर चढत होते. आत पेरॉक्साइड अजून विष मोडत राबत होतं. बाटली भरतानाच त्याला थांबवणारी पूड घालायची असते. पुडीचं पाकीट कपाटात होतं, न फोडलेलं. रस्ता तो केवढा, कशाला हवी, असं बाईच म्हणाल्या होत्या.

"खरं सांगा. रोज कुठे थांबता?"

"घरी. ओढ्याकाठीच आहे, वाटेवर. बायको चहा टाकते. एक कप. मग तिचं बोलणं निघतं, मग दुसरा."

"आणि बाटली?"

"गाडीत, पुढच्या काचेशी. छान ऊन येतं तिथे."

"मग आज?"

"आज बोलणं बंद आहे. तिच्या भावाला मी ऐतखाऊ म्हणालो." टोपी थांबली. "आहेच तो. पण म्हणायचं नसतं."

बाईंनी बाटली खिडकीतल्या उन्हात ठेवली.

"बसा. तुमचे दोन कप होईपर्यंत."

सुसाट बसला. मेव्हण्याच्या दोन-तीन तक्रारी त्याने काढून पाहिल्या, पण बाई हूं की चूं करीनात, तेव्हा तो पुन्हा टोपी फिरवत बसला. ऊन बाटलीच्या गळ्यापासून बुडापर्यंत उतरलं. बाईंनी नवी नळी घेतली, पाणी ओतलं, तपासणीचे थेंब टाकले. नळी उजेडात धरली.

नितळ.

"झालं की साफ," सुसाट उठला. "उगाच घाबरवलंत."

बाई मात्र स्टुलावर बसल्या.

"साफ झालं ते बाटलीतलं."

त्याने दोन्ही नळ्यांकडे पाहिलं, एक गुलाबी, एक नितळ. "आणि ओढ्यातलं?"

"त्याला कोण उन्हात बसवून चहा पाजतंय?"

बाईंनी साहेबांना फोन लावला. "दार पाडा. आत्ता. आणि कालचं मी जे सांगितलं, ते धरू नका." थोडं थांबून म्हणाल्या, "त्याच्या आधीचंही."

पलीकडून आवाज चढला. त्यांनी फोन कानापासून लांब धरला आणि ड्रायव्हरला विचारलं, "घरी पाणी कुठलं भरता?"

 सुसाटने खिशातून मोबाइल काढला, नंबर लावताना दोनदा चुकला. रिंग बराच वेळ वाजली.

"ऐक. मी बोलतोय. चहा टाकू नकोस."

 मग बायकोचा आवाज आला, भांडणानंतरचा पहिला, अर्धा रुसलेला, अर्धा निवळलेला.

"माझा मघाशीच झाला. तुमचा झाकून ठेवलाय. येताय ना?"