अपेक्षित प्रश्न

“घर कुणाच्या नावावर आहे?” वकीलबाईंच्या केबिनबाहेरच्या बाकावर बायकोच्या स्वेटरचं वरचं बटण लावता लावता मास्तरांनी हळूच विचारलं.

“माझ्या. बाबांच्या मागे वारशाने आलंय.”

“मूलबाळ?”

“नाही.”

“आणि घर कुणाला द्यायचं?”

“माझ्या नवऱ्याला.” मग ती वैतागली. “किती वेळा तेच तेच हो! मी काय ढ आहे?”

मास्तर हसले. जन्मभर त्यांनी हेच तर केलं होतं. अपेक्षित प्रश्न काढायचे, पोरांकडून घोकून घ्यायचे, आणि अगदी दगडालासुद्धा पास करून दाखवायचं. आता महिनाभर स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बायकोची शिकवणी चालली होती. दुसरं करणार काय? मृत्युपत्र झालं नाही तर तिच्यामागे घर कायद्याने पुन्हा माहेरी, म्हणजे भाच्यांकडे जाणार, आणि भाचे तर आत्ताच येऊन खोल्या मोजून गेले होते. या वयात बोचकं उचलून मास्तरांनी जायचं कुठे?

वकीलबाईंनी केबिनचं दार उघडलं.

“या आजी. मास्तर, तुम्ही बाहेरच बसा.”

“मी जवळ असलो की तिला धीर येतो हो.”

“म्हणूनच बाहेर बसा. उद्या भाच्यांनी कोर्टात ओढलं, तर आजी आपल्या मनाने बोलल्या असं मला शपथेवर सांगता आलं पाहिजे.”

दार लोटलं गेलं. भिंत कसली, नुसतं प्लायवूड. आतलं सगळं ऐकू येत होतं. तारीख बरोबर. पत्ता बरोबर. भाच्यांची नावंसुद्धा तिने न अडखळता सांगितली. बाकावर मास्तरांची मान डोलत होती. शाबास गं माझी राणी!

“घर कुणाला द्यायचं?”

“माझ्या नवऱ्याला.” अगदी खणखणीत.

“छान. ते आलेत ना तुमच्याबरोबर?”

हा प्रश्न मास्तरांनी काढलाच नव्हता.

“नाही. हे शाळेत गेलेत. संध्याकाळी येतील.”

“मग बाहेर बसलेत ते कोण?”

“ते होय? ते मला शिकवायला येतात.” तिने आवाज खाली आणला. “स्वभावाने गरीब आहेत बिचारे. चुकलं तरी रागावत नाहीत.”

मास्तर उठायला गेले आणि पुन्हा बसले. घराचं आता काय होणार, हे त्यांच्या मनातही आलं नाही. महिनाभर ती रोज केस विंचरून, वेळेवर टेबलाशी येऊन बसायची. आपल्यासाठी बसते, असं त्यांना वाटलं होतं.

वकीलबाई दारात आल्या.

“मास्तर, मला नाही करता येणार हे.”

“ऐकलं मी.”

त्यांच्या मागून ती आली. चेहरा कसा खुलला होता.

“सगळं बरोबर सांगितलं ना हो मी?”

“पैकीच्या पैकी.”

“मग मला घरी पोचवाल का? हे यायची वेळ झाली. किल्ली माझ्याकडेच आहे, दारात ताटकळत बसतील.”

ती स्वेटरचे खिसे चाचपू लागली. एक झाला, दुसरा झाला, पुन्हा पहिला. मास्तरांनी आपल्या खिशातली किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली.

“चला,” ते म्हणाले, “सोडतो मी तुम्हाला.”