पालथा हत्ती

मी एक जुना हत्ती आहे. मित्रांनो, एवढं वाचून कुणाच्या डोळ्यांपुढे सोंड आणि सुपाएवढे कान आले असतील तर त्यांनी ते पुसून टाकावेत. माझी उंची अडीच इंच. मला सोंड नाही, पाय नाहीत. डोक्यावर बुरुजासारखी दातेरी कड आहे आणि तळाला हिरव्या कापडाची गोल चकती. बुरुजासारखं दिसणाऱ्याला हत्ती का म्हणतात, हे मला कुणी सांगितलेलं नाही. मी एकदा घोड्याला विचारलं. तो म्हणाला, "मला निदान तोंड तरी आहे," आणि अडीच घरं चालून निघून गेला.

माझा जन्म एका सुताराच्या लेथवर झाला. तो मुळात पलंगाचे पाय करायचा. पाय करून उरलेल्या तुकड्यांचं काय करावं, या विवंचनेतून बुद्धिबळाचा संच निघाला. म्हणजे नशीब जरा इकडचं तिकडे झालं असतं, तर आज माझ्यावर कुणीतरी घोरत असतं. संच करायची त्याची पहिलीच वेळ. त्याने मोजून बत्तीस सोंगट्या केल्या, एकही जास्त नाही. शहाणी माणसं एक वजीर जादा करून ठेवतात, हे त्याला ठाऊक नव्हतं.

जादा वजीर कशाला लागतो तेही सांगतो. प्यादं चालत चालत पटाच्या शेवटच्या ओळीत पोचलं की त्याला बढती मिळते. त्याच्या जागी वजीर, हत्ती, उंट, घोडा, हवं ते ठेवता येतं. सगळे वजीरच ठेवतात. वजीर सरळ चालतो, तिरका चालतो, कुठूनही कुठेही जातो. मी फक्त सरळ चालतो. माझ्याकडे कुणी आशेने पाहत नाही.

आम्हाला एका बाबांनी विकत घेतलं आणि घरी नेलं. घरात दोन मुलं होती, अकरा वर्षांची ताई आणि सात वर्षांचा तिचा भाऊ. ताईने भावाला खेळ शिकवला. पहिल्याच आठवड्यात तिचं प्यादं शेवटच्या ओळीत पोचलं, पण तिचा वजीर अजून पटावर जिवंत होता. दुसरा आणायचा कुठून? तिने मेलेल्या सोंगट्यांमधून मला उचललं आणि डोक्यावर पालथं उभं केलं.

"हा वजीर."

"हा तर हत्ती आहे."

"पालथा हत्ती म्हणजे वजीर. नियमच आहे तसा."

"कुणी केला?"

"मोठी कोण आहे?"

भावाला हे पटलं. ते पुढची तीस वर्षं पटलेलंच राहिलं.

ती वर्षं माझ्या उमेदीची. ताई मोठी झाली, दवाखान्यात एक्स-रे काढायला लागली. भाऊ चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायला लागला. दोघं एकाच घरात राहत. एक जण लोकांना बाहेरचं नीट दाखवायचा, दुसरी आतलं बघायची, त्यामुळे घरात कुणाला काही लपवता यायचं नाही. रविवारी पट मांडला जायचा. मी कधी सरळ उभा असायचो, कधी पालथा. पालथं उभं राहिलं की जग वेगळं दिसतं असं लोक म्हणतात. मला पटाचा पृष्ठभाग दिसायचा.

मग भावाला, म्हणजे आपल्या भिंगवाल्याला, स्पर्धेत उतरायची हौस आली. गेली चौदा वर्षं तो वर्षातून एकदा मोठ्या सभागृहातल्या पाच दिवसांच्या स्पर्धेत नाव घालतो. या चौदा वर्षांत त्याने पटावर एकही डाव जिंकला नव्हता. काही बरोबरीत सोडवले. तीन वेळा समोरचा माणूस आलाच नाही, म्हणून त्याला पूर्ण गुण मिळाला. ताई ते तीन गुण धरायची नाही. "खुर्चीला हरवलंस," म्हणायची.

तो डाव हरून आला की हॉलबाहेरच्या जिन्यात भेटेल त्याला सांगायचा, "मी जिंकतच होतो." स्पर्धेत कुणाला त्याचं खरं नाव आठवत नाही. सगळे त्याला 'जिंकत-होतो' म्हणतात. "आज जिंकत-होतो कुठल्या टेबलावर आहेत?" असं पंचसुद्धा विचारतात.

यंदा निघताना ताई दारात उभी राहून म्हणाली, "एक डाव. माणसाशी. एवढाच आण, बाकी काही नको."

"आणतो."

"दरवर्षी हेच म्हणतोस."

"दरवर्षी मी जिंकतच असतो."

मित्रांनो, स्पर्धेतला हौशी माणूस दिवसभर काय करतो ते तुम्हाला कुणी सांगणार नाही, म्हणून सांगतो. सकाळी आठ ते एक तो दुकानात भिंगं घासतो. एक वाजता मालकाला म्हणतो, "जरा जाऊन येतो," आणि मालक म्हणतो, "पाच दिवस?" मग आमचा डबा पिशवीत, पिशवी खांद्याला, बस. डब्यात आम्ही बत्तीस जण एकमेकांवर आपटत असतो. हॉलवर पोचल्यावर कोण कुणाशी खेळणार याचा कागद भिंतीवर लागतो. शंभर माणसं त्या एका कागदावर नाक टेकवतात. समोरच्याचं नाव कळलं की तो कसा खेळतो याची चौकशी होते. उत्तर नेहमी एकच असतं: "बरा खेळतो." मग संडास शोधायचा, टेबल डुगडुगतंय का बघायचं, डुगडुगत असेल तर पायाखाली घालायला कागद शोधायचा. जगातल्या कुठल्याच सभागृहात चारही पाय टेकलेलं टेबल मी पाहिलेलं नाही. शेवटी दोन्ही बाजूंच्या घड्याळांची बटणं दाबून बघायची आणि हात मिळवायचा. ज्याच्याकडे पांढरी बाजू, त्याने आपला संच मांडायचा, अशी तिथली रीत आहे.

पहिल्या दिवशी आम्ही पांढरे होतो. समोर सर्दी झालेल्या एक बाई होत्या. त्या शिंकल्या की भिंगवाला दचकायचा आणि दचकला की चूक करायचा. त्या एकवीस वेळा शिंकल्या.

दुसऱ्या दिवशी काळी बाजू होती. मी पिशवीत होतो, म्हणून ऐकीव सांगतो. त्याने चाल खेळली आणि घड्याळाचं बटण दाबायला विसरला. समोरचा माणूस गाढ विचारात आहे असं समजून तो चाळीस मिनिटं अदबीने वाट बघत बसला. समोरचा माणूसही अदबीने गप्प बसला. बटण दाबेपर्यंत आपलीच वेळ धावते, त्यामुळे वेळ भिंगवाल्याची संपली आणि तिच्याबरोबर डावही गेला.

तिसऱ्या दिवशी खुर्ची. घरी ताईने काही विचारलंही नाही.

चौथ्या दिवशी त्याने उंटाला हात लावला. आमच्यात सोंगटीला हात लावला की तीच चालवावी लागते. उंट चालवायचा नव्हता. उंट चालवला. "नाहीतर मी जिंकतच होतो," तो जिन्यात म्हणाला. जिन्यातल्या माणसाने मान हलवली आणि उरलेल्या पायऱ्या जरा घाईने उतरला.

पाचवा दिवस उजाडला. शेवटचा डाव, पांढरी बाजू. समोर एक गुरांचा डॉक्टर होता. माणूस शांत, अनुभवी, आणि हात म्हणाल तर एकेक पंजा भाकरीच्या परातीएवढा. त्याला एक सवय होती. मारलेली सोंगटी तो खाली ठेवायचा नाही, मुठीत घेऊन बसायचा आणि विचार करताना कुरवाळायचा. तासाभरात आमचा पांढरा वजीर त्याच्या मुठीत गेला. थोड्या वेळाने मीही मारला गेलो. मला मात्र त्याने टेबलाच्या कडेला ठेवून दिलं. कुरवाळण्याजोगं माझ्यात काही नसावं.

डाव लांबला. आजूबाजूची टेबलं रिकामी झाली. सोंगट्या एकमेकांना खात खात संपल्या आणि पटावर तिघंच उरले: दोन राजे आणि आमचं एक प्यादं. प्यादं शेवटच्या ओळीच्या एक घर अलीकडे होतं. डॉक्टरने आपला राजा शांतपणे पटाच्या कडेला सरकवला आणि पाणी प्यायला.

चौदा वर्षांत भिंगवाला इतका जवळ कधी आला नव्हता. घड्याळात त्याची पन्नास सेकंदं उरली होती. त्याने प्यादं पुढे ढकललं आणि वजीर घ्यायला हात लांबवला.

वजीर नव्हता.

त्याने टेबलावर पाहिलं. टेबलाखाली पाहिलं. डबा उपडा केला. आणि मित्रांनो, डॉक्टरही त्याच्याबरोबर शोधू लागला. "इथेच तर होता," डॉक्टर खाली वाकून म्हणाला. वजीर त्याच्या डाव्या मुठीत होता. ते तो मनापासून विसरला होता.

"बारा सेकंदं," भिंगवाला पुटपुटला. अशा वेळी घड्याळ थांबवून पंचांकडे वजीर मागायचा असतो. त्याला ते सुचलं नाही. त्याला तीस वर्षांपूर्वीचं सुचलं. त्याने मला उचललं, शेवटच्या ओळीत पालथं उभं केलं आणि घड्याळ दाबलं.

डॉक्टर हसला. "बरोबरी," तो म्हणाला.

"कशी काय?"

"बघा की. तुमच्या वजिराने माझी सगळी घरं अडवली. राजाला शह नाही, पण हलायला जागाही नाही. असं झालं की डाव बरोबरीत. याच्याचसाठी तर राजा कडेला नेला होता."

भिंगवाल्याने पाहिलं. खरंच होतं. त्याचा चेहरा भिंग घासून घासून तडकावं तसा झाला.

तेवढ्यात पंचबाई आल्या. त्यांनी कंबरेवर हात ठेवून पटाकडे पाहिलं. "हे काय आहे?"

"वजीर," डॉक्टर म्हणाला.

"वजीर," भिंगवालाही म्हणाला. प्रामाणिक माणूस.

"हा हत्ती आहे."

"पालथा आहे ना पण," भिंगवाला म्हणाला.

"पालथा हत्ती हा हत्तीच असतो. सरकारी कारकून शीर्षासन करून कलेक्टर होतो का?"

"अहो बाई, आमच्या दोघांचंही म्हणणं एकच आहे," डॉक्टर अजिजीने म्हणाला. "दोन्ही खेळाडू वजीर म्हणतायत. तुम्ही एकट्याच हत्ती म्हणताय."

"नियमही हत्ती म्हणतो." पंचबाईंनी पुस्तक उघडून पान दाखवलं, मला दोन बोटांत उचललं, सरळ केलं आणि त्याच घरात ठेवलं. "डाव चालू. तुमची चाल, डॉक्टर."

डॉक्टर पटाकडे बघत राहिला. मी तिरका चालत नाही, हे मी आधीच सांगितलं आहे. त्यामुळे वजिराने अडवलं असतं असं एक घर माझ्याकडून मोकळं राहिलं. राजाला जायला एकच घर होतं, आणि जागा असली की जावंच लागतं. डॉक्टरचा राजा त्या घरात गेला. भिंगवाल्याने मला पटाच्या कोपऱ्यात सरकवलं.

शह. आणि आता खरोखर कुठेच जागा नव्हती. मात.

डॉक्टरने भिंगवाल्याचा हात दोन्ही हातांत घ्यायला डावी मूठही उघडली आणि वजीर टक्कन टेबलावर पडला. डॉक्टरने तो उचलून डब्यात घातला.

निकालाच्या कागदावर सही करायची वेळ आली. भिंगवाल्याने पेन उचललं आणि परत ठेवलं. "बाई, मला खरं म्हणजे वजीरच करायचा होता."

"तुम्हाला काय करायचं होतं ते पटावर दिसत नाही. सही करा."

त्याने सही केली. जिन्यात लोक जमले होते. बातमी त्याच्या आधी खाली पोचली होती: जिंकत-होतोने मुद्दाम वजीर सोडून हत्ती घेतला! "काय डोकं लावलंत!" एक जण म्हणाला. "अहो, चुकून झालं," भिंगवाला म्हणाला. "बघा, विनय बघा," दुसरा म्हणाला. त्याने अकरा जणांना खरं सांगितलं आणि अकराही जणांनी त्याची पाठ थोपटली. माझं कौतुक कुणी केलं नाही, पण डब्यात परतल्यावर काळ्या उंटाने मला बाजूला जरा जागा करून दिली.

घरी ताईने दार उघडलं.

"जिंकलो," तो म्हणाला.

"खुर्ची?"

"माणूस होता. गुरांचा डॉक्टर."

ताई खाली बसली. त्याने सगळं सांगितलं, एकही गोष्ट न लपवता. पालथ्या हत्तीपाशी आल्यावर तिचा चेहरा बदलला.

"म्हणजे तसा नियम नाहीच?"

"नाही."

"कुठेच नाही?"

"पुस्तक दाखवलं बाईंनी."

"तीस वर्षं मी तुला खोटं शिकवलं रे."

"खोटं नाही. घरचं." तो चपला काढत उभा होता, तिच्याकडे न बघता. "ताई, मग हा धरायचा का?"

दवाखान्यात ती एक्स-रे उजेडापुढे धरून बघते, तशी भावाकडे बघत राहिली.

"समोर माणूस होता?"

"होता."

"मात झाली?"

"झाली."

"मग धरला," ती म्हणाली. "पण..."

"पण काय?"

तिने तोंड उघडलं, मिटलं. "काही नाही. हातपाय धू. चहा टाकते."

चहा होईपर्यंत भिंगवाला स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. तो हसत नव्हता. चौदा वर्षांचं ओझं उतरलेला माणूस हसत नाही, तो नुसता दाराला टेकतो.

मित्रांनो, आता मी म्हातारा झालो आहे. कडेचा एक दात पडला आहे, तळाचं कापड सुटत आलं आहे. आम्हा सोंगट्यांना सांभाळा, ओलीत ठेवू नका, हे तर मी सांगायलाच हवं. पण माझी खरी विनंती वेगळी आहे. तुमच्या घरातलं कुणी कधी चुकूनमाकून जिंकून आलं, तर तुमच्या तोंडात 'पण' येईल. येणारच. तो लगेच बाहेर काढू नका. आधी चहा होऊ द्या, त्याला रात्रभर जिंकलेल्या माणसासारखं झोपू द्या.

ताईने तिचा 'पण' दुसऱ्या दिवशी सकाळी काढला. तो दुकानात निघाला होता तेव्हा ती म्हणाली, "पण गाढवा, आधी त्याची मूठ नाही का बघायची?"

"सुचलंच नाही," तो म्हणाला, आणि शीळ घालत जिना उतरला.