राळेची कोरी वडी

मनगटाचं प्लास्टर निघून तीन आठवडे झाले, तरी धाकट्या जावेचं व्हायोलिन काही बोलेना. गज तारांवरून नुसता घसरायचा. कुजबुजल्यासारखा आवाज यायचा आणि विरून जायचा. शाळेत गणित शिकवणारी ही बाई अठरा वर्षं वाद्यवृंदात वाजवत होती. आता आपला हात गेला, असं तिनं मनाशी धरूनच टाकलं.

"ताई, माझ्या जागी दुसरं कुणीतरी बघा," तिनं मोठ्या जावेला सांगितलं. थोरली त्याच वृंदात चेलो वाजवायची.

"डॉक्टरांनी हात बरा झाला म्हणून सांगितलंय. घट्ट झाकणं उघडतेस, चादरी पिळतेस. मग गजानंच तुझं काय घोडं मारलंय?"

"गजात घोड्याचेच केस असतात ना," धाकटी म्हणाली. हसू मात्र तिला आलं नाही.

थोरलीनं तिला जवळजवळ ओढतच वाद्यं दुरुस्त करणाऱ्या काकांकडे नेलं. हात प्लास्टरमध्ये होता तेव्हा त्यांनीच त्या गजाला नवे केस बसवून दिले होते. काकांनी चष्मा पुसला, गज उजेडात धरला.

"राळ किती लावलीत?"

"नेहमीसारखी. चार-पाच हात."

"आणि वडी कुठली?"

धाकटीनं डबीतून वडी काढली. थोरलीनं ती मनगटाच्या दुखण्यात भेट दिली होती. मधाच्या रंगाची, काचेसारखी चकचकीत. तिच्यावर साधा ओरखडाही नव्हता.

काका हसायलाच लागले. "केस कोरे, वडीही कोरी. कोण कुणाला धरणार? अहो, राळेची भुकटी केसांना चिकटते तेव्हा गज तार पकडतो. इथे कणभरही चिकटलेली नाही."

"माझी लावून बघू या का?" थोरलीनं पर्समधून आपली काळपट, मऊ राळ काढली.

"ती जाड तारांची. व्हायोलिनला लावलीत तर खरखरेल. हीच चांगली आहे, फक्त हिची चकाकी घालवायला हवी."

त्यांनी बारीक पॉलिश कागद वडीवर हलकेच फिरवला. वडी धुरकट झाली. मग गज धाकटीच्या हातात दिला. "सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत. वडी मधूनमधून फिरवा, नाहीतर मध्ये खाच पडेल. आणि केसांना बोट लावू नका, बोटाचं तेल लागतं."

चाळीस वेळा घासल्यावर केसांवर पांढुरकी भुकटी दिसू लागली. तिनं व्हायोलिन हनुवटीखाली घेतलं, जाड तारेवर गज ठेवला आणि ओढला.

सूर भरून आला. दुकानाच्या काचा थरथरल्या.

धाकटीनं गज खाली घेतला. मग म्हणाली, "तीन आठवडे रडत होते मी. मुलांना शिकवते, आधी साधी चूक शोधा म्हणून."

"राळ मीच आणली होती, तेव्हा निम्मी चूक माझी," थोरली म्हणाली.

दुरुस्तीला आलेला एक चेलो कोपऱ्यात उभा होता. काकांना विचारून थोरलीनं तो पुढ्यात घेतला. दोघी वाजवत बसल्या. मनगट जरा ठणकत होतं, पण धाकटीला त्याचं काही वाटलं नाही. शेजारचा चांभार हातातला बूट घेऊन दारात येऊन उभा राहिला. वाजवून झाल्यावर काकांनी मऊ फडकं पुढे केलं. तारांवर बसलेली भुकटी धाकटीनं एकेक तार धरून पुसून काढली, आणि मग चहा आला.