पहिला इंच नसलेली टेप

मी टेप बोलतेय. शिवणकामाची, मापं घेण्याची. गाणी वाजवणाऱ्या टेपा वेगळ्या. त्या कधीच्या गेल्या, मी अजून आहे. जरा हळूच बोलते, कारण मी राहते त्या घरात एक मुलगी आहे, तिला मागून कुणी नुसतं "अगं" म्हटलं तरी हातातला पेला पडतो. अशा माणसाच्या सहवासात राहिलं की आपणही दबकत बोलायला शिकतो.

माझा जन्म कारखान्यातला. मेणकापडाचा एक लांबच लांब पिवळा पट्टा होता, त्यावर काळे आकडे छापले, साठ-साठ इंचांवर तो कापला आणि दोन्ही टोकांना पितळेच्या टोप्या ठोकल्या. पाठीवर सेंटिमीटर आहेत, पण आजवर त्यांना कुणी विचारलेलं नाही. मग बटणं-दोऱ्यांच्या दुकानात, काचेच्या बरणीत गुंडाळी होऊन बसले. तिथून मला उचललं ते एका पोटुशी बाईने. एका हाताला चार वर्षांचा मुलगा, काखेत निळ्या पट्ट्यांच्या कापडाचा तागा.

"एवढ्या कापडाचं काय करणार हो ताई?" दुकानदाराने विचारलं.

"पायजमे. घरातल्या सगळ्यांचे."

"सगळ्यांचे एकसारखे?"

"मग काय! भांडण नको, तंटा नको."

तीच आई. पायमशीन तिचं, कात्री तिची, आता मीही तिची. दरवर्षी एकदा ती कोपऱ्यावरच्या दुकानातून तोच निळ्या पट्ट्यांचा तागा आणायची आणि पायजमे शिवायची. आजोबांचा, बाबांचा, दादाचा, स्वतःचा आणि पुढे धाकटीचा. दोरीवर वाळत टाकले की वाटायचं, अख्खं कुटुंब कमरेखाली वाऱ्यावर डोलतंय. अदलाबदल होऊ नये म्हणून प्रत्येकाच्या नाडीचा रंग वेगळा.

मापं घेताना माणसं किती खोटं वागतात ते मला विचारा. बाबा पोट आत ओढून श्वास रोखायचे. आई शांतपणे मला कमरेभोवती धरून उभी राहायची. शेवटी श्वास सोडावाच लागायचा, आणि मग ती आकडा वाचायची. वहीत अजून लिहिलेलं आहे, 'बाबा, कंबर ३६ (स्वतः म्हणतात ३४)'. आजोबा उंची वाढावी म्हणून टाचा उचलायचे. दादा गुदगुल्यांनी वळवळायचा.

आता माझ्या व्यंगाबद्दल सांगते. धाकटीला दात येत होते तेव्हाची गोष्ट. आई मशीनवर बसलेली, मी तिच्या गळ्यात, धाकटी मांडीवर. तिने माझं टोक तोंडात घातलं आणि कुरतडायला लागली. मला मजा वाटत होती हो! तेवढ्यात पितळी टोपी निघून तिच्या तोंडात गेली. आईने झटकन बोट घालून टोपी बाहेर काढली, लेकराला छातीशी घट्ट धरलं आणि बराच वेळ सोडलंच नाही. मला वाटतं, ती पोर दचकायला त्या दिवशीच शिकली.

माझ्या पहिल्या इंचाच्या चावून चावून चिंध्या झाल्या होत्या. आईने तो एकच्या रेघेवर सरळ कापून टाकला. "एकपासून धरायचं, झालं," ती स्वतःशीच म्हणाली. नवी टेप काही आणली नाही.

तेव्हापासून आई माझ्यावर एकेचाळीस वाचायची आणि वहीत चाळीस लिहायची. कापडावर चाळीस हवे असले की एकेचाळिसावर खडूची खूण करायची. आधी मनात वजाबाकी करायची, मग तीही करेनाशी झाली. हातालाच कळायचं. मला कमीपणा आला होता, पण त्या हातांत तो कधी जाणवला नाही. बावीस वर्षं एकही पायजमा आखूड झाला नाही.

धाकटी मोठी झाली, कॉलेज करून आली, पण दाराची कडी वाजली की उभी राहायची. दादाने तिचं नाव भागूबाई ठेवलं, भित्री म्हणून, आणि पुढे सगळेच भागू म्हणू लागले. कुठलंही काम सुरू करण्याआधी ती ते कसं कसं बिघडेल याचा विचार करून घ्यायची. मशीनला तिने फारसा हात लावला नाही. आईनेही लावू दिला नाही. "राहू दे, मीच करते पटकन," हे त्या घरातलं सगळ्यात जास्त वेळा बोललं गेलेलं वाक्य असेल.

आणि यंदा आई जिन्यावरून घसरली. उजवं मनगट मोडलं. कोपरापर्यंत प्लास्टर.

तागा आधीच आणून ठेवला होता. देताना दुकानदार म्हणाला होता, "हा शेवटचा बरं का. हा पट्टा आता बंद झाला." आणि दादाला दूरच्या गावी नोकरी लागली होती. रविवारी निघायचं होतं. हातात आठ दिवस.

जेवताना दादा म्हणाला, "कशाला त्रास? तिथे तयार मिळतात की पायजमे."

आई डाव्या हाताने घास उचलत होती, तो तिने परत ताटात ठेवला. भागूने ते पाहिलं. आणि जिला फोन उचलायलाही धीर लागतो, ती पोरगी म्हणाली, "मी शिवते."

"तू?" दादा आणि बाबा एकदमच म्हणाले.

"वहीत सगळं लिहिलेलं आहे ना. आई, शिवू?"

आई म्हणाली, "वहीतलं सगळं बरोबर आहे. तसंच्या तसं कर."

वहीतलं सगळं बरोबरच होतं. चुकीची होते ती मी.

दुसऱ्या दिवशी बाबा आईला प्लास्टर दाखवायला दवाखान्यात घेऊन गेले. आईच्या नजरेखाली आपला हात चालणार नाही हे भागूला ठाऊक होतं, म्हणून ती याच संधीची वाट बघत होती. तिने जमिनीवर कापड अंथरलं, वही उघडली, मला उलगडलं. 'दादा, लांबी ४१, नाडीच्या नेफ्याच्या दुमडीला वर २.' तिने माझं कापलेलं टोक कापडाच्या कडेला लावलं आणि त्रेचाळिसावर खूण केली.

कडेला माझा शून्य नव्हता, एक होता. जेवढं ताणता येतं तेवढी मी ताणले. जमिनीवरून सरकून बघितलं. तिने हलक्या हाताने मला परत सरळ केलं. "नीट राहा गं," म्हणाली. ती माझ्याशीही इतकं गोड बोलते, आणि मी तिला फसवत होते.

लांबी, आसन, मांडी, खाली पायाची मोहरी, सगळं एकेक इंचाने कमी. एकाचं झालं असतं तर ठीक होतं. पण भागूला धीर येतो तो एकदाच, आणि तो ओसरायच्या आत काम उरकावं लागतं. तिने पाचही पायजमे एका दुपारी बेतून टाकले. कात्री चालत होती आणि मी बाजूला पडून ते करकर ऐकत होते.

दोन दिवसांत दादाचा शिवून झाला. टिपा थोड्या वाकड्या होत्या, पण पक्क्या. घरात तेव्हा ती दोघंच होती. दादाने घातला.

"वा! फक्त माझे पाय वाढले वाटतं," तो घोट्याकडे बघत म्हणाला. मग मांडी घालून खाली बसला.

टर्रर्र.

भागू दचकून भिंतीला लागली. दादा हसत सुटला. "भागूबाई, हवा खेळती ठेवलीस!" मग त्याचं लक्ष तिच्या चेहऱ्याकडे गेलं आणि त्याचं हसू मावळलं. "अगं, नुसते टाके उसवलेत. कापड शाबूत आहे. रडतेस काय?"

ती रडत नव्हती. ती मला घेऊन पायजमा मोजत होती. परत परत. माझ्यावर एकेचाळीस, वहीत एकेचाळीस. "बरोबर तर आहे," ती पुटपुटत होती. "मग माझंच काहीतरी... माझंच नेहमी..." मी खोटी साक्ष देत होते, आणि ती पोर स्वतःला गुन्हेगार ठरवत होती.

तिने सगळे तुकडे घडी करून गादीखाली सरकवले. दादाला शपथ घातली. आईने विचारलं, "कुठवर आलं गं?" तर म्हणाली, "चाललंय." शुक्रवारीही "चाललंय" आणि शनिवारी सकाळीही.

आईला एवढं कळायचं राहतंय का? मशीनचा आवाज नाही, घरात दोऱ्याचा तुकडा नाही. ती खोलीच्या दारात आली तेव्हा भागू पलंगावर सगळे तुकडे पसरून मला घेऊन बसली होती. दार वाजलं तशी ती उडालीच. मी तिच्या हातातून खाली पडले.

"आई, मी सगळे बिघडवले. पाचही. शेवटचा तागा होता. तू म्हणालीस तसंच्या तसं केलं गं, तरी आखूड झाले. दादा उद्या जाणार. मला ना, काही म्हणजे काही येत नाही."

"मोजून दाखव बघू," आई म्हणाली.

भागूने मला उचललं. टोक कापडाच्या कडेला लावलं.

"थांब. कुठून धरलंस?"

"टोकापासून. कुठून धरणार?"

आईने डावा हात पुढे केला. सवयीचा हात नव्हे तो, तरीही तिचा अंगठा आपसूक माझ्या कापलेल्या टोकावर आला. तिने नुसता तो आकडा पाहिला आणि हळूच पलंगाच्या कडेवर बसली.

"एकपासून सुरू होते गं ही," ती म्हणाली. "पहिला इंच नाहीच हिला. मी नेहमी एक धरून चालते. वहीत वजा करूनच लिहिलेलं आहे."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगायचं असतं हे माझ्या लक्षातच नाही आलं. हाताला ठाऊक होतं ना, तोंडापर्यंत आलंच नाही." तिने माझं टोक बोटांत फिरवलं. "दुसऱ्या कुणाच्या हातात कधी देईन असं वाटलंच नव्हतं मला. चूक तुझी नाही बाळा. माझी आहे."

भागूने आईच्या तोंडून हे शब्द पहिल्यांदाच ऐकले असावेत. ती भीती विसरून सरळ बसली.

"आणि इंच गेला कुठे?"

"तू खाल्लास!"

मग ती टोपीची, दातांची सगळी गोष्ट निघाली. दारात येऊन उभा राहिलेला दादा म्हणाला, "म्हणजे बाईसाहेबांनी लहानपणी खाल्लेला इंच आज आमच्या पायजम्यातून वसूल झाला!" भागू हसली. मी इतक्या दिवसांनी श्वास घेतला, टेपेला घेता येतो तेवढा.

आईने तुकडे हातात घेऊन चाचपले. "ऐक. वर नेफ्यासाठी दोन इंच दुमडायला सोडलेत ना? ते दुमडायचेच नाहीत. आतून दुसऱ्या कापडाची पट्टी जोड, नाडी तिच्यातून जाईल. दोनातला एक इंच लांबीला आणि आसनाला मिळेल, दुसरा शिलाईत जाईल. मांडीला थोडे कमी ढगळ होतील, होऊ देत."

"पण हे कापड संपलंय."

आईने खिडकीकडे पाहिलं. तिथे पिवळ्या फुलांचा जुना पडदा होता.

"अगं आई, पडदा?"

"काढ. शेजारी काय दिसेल ते दिसेल."

शनिवारची दुपार मी विसरणार नाही. आई स्टुलावर, भागू मशीनवर. दोन-तीनदा आईचा डावा हात कात्रीकडे गेला. "राहू दे, मीच..." एवढं म्हणून ती थांबायची. "नाही. तूच कर. पण बोट आत घे." आणि ती सांगत राहिली. तोंडापर्यंत कधी न आलेलं सगळं. कापड ओढायचं नाही, मशीनला आपणहून घेऊ द्यायचं. कोपऱ्यावर सुई खाली ठेवून मगच वळायचं. आसनाला दोनदा टीप. भागू पाय मारत होती आणि ऐकत होती. बाबा चहा घेऊन आले आणि "झालं का?" म्हणाले, तरी ती दचकली नाही. मी पाहिलं.

संध्याकाळी दादाने पायजमा घातला आणि मांडी घालून बसला. सगळ्यांनी कान टवकारले. काही आवाज आला नाही. मग तो मुद्दाम उकिडवा बसला, एक उडी मारली, तरी काही नाही. आजोबा म्हणाले, "बरं झालं, आता माझ्यातही फुलं घाला."

रविवारी तो पायजमा दादाच्या बॅगेत सगळ्यात वर ठेवला गेला. उरलेले चार पुढच्या आठवड्यात झाले. दादाचा फोन आला तेव्हा म्हणाला, "खोलीतले विचारतात, पायजम्यात आतून फुलं कशाला? मी सांगितलं, आमच्याकडे असेच शिवतात."

आता माझी अवस्था सांगते आणि संपवते. भागूने त्या पडद्याचा एक तुकडा माझ्या टोकाला जोडला, मोजून एक इंच, आणि शाईच्या पेनाने त्यावर बारीक रेघा आखल्या. मला म्हातारपणी डोकं आलं, तेही फुलांचं. मापाला पक्की आहे की नाही, हे तिने पट्टीवर चारदा पडताळून पाहिलं. भागूच ती.

तुमच्याही घरात एखादी अशी टेप असेल, एखादा तवा, कडी, कुलूप असेल, ज्याची खोड फक्त एकाच हाताला ठाऊक आहे. तो हात कधी प्लास्टरमध्ये जाईल, मी काय सांगू? पण ती खोड एकदा मोठ्याने बोलून ठेवा. वस्तूंना सांगता येत नाही हो. आम्ही फक्त ताणून बघतो.

आईचं प्लास्टर निघालं. काल आजोबांचं माप पुन्हा घ्यायचं होतं, कारण ते म्हणतात, आपण उंच झालोय. आईने घेतलं, मग भागूने घेतलं. आईचा अंगठा सवयीने एकवर होता, भागूचा माझ्या पिवळ्या फुलावर. आजोबांनी दोन्ही वेळा टाचा उचलल्या आणि दोघींनी दोन्ही वेळा त्या खाली दाबल्या. वहीत आकडा एकच आला.

तो भागूने लिहिला.