वरच्या दातांचा बैल

तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे पोरांच्या पोळ्याच्या, सकाळी रजत बैलावर बसला. बैल लाकडाचा होता, चाकांचा होता आणि सलोनीचा होता. एका हातात चहा, दुसऱ्या हातात मोबाईल आणि डोळे मोबाईलात, अशा अवस्थेत त्याने स्टूल समजून बूड टेकलं. खालून कडकन आवाज आला आणि बैलाचे पुढचे दोन पाय दोन दिशांना निघून गेले.

सलोनी ही त्याची पुतणी, दुसरीत शिकणारी. तिचे वरचे समोरचे दात नुकतेच पडले होते. गेल्या वर्षापर्यंत ती चुलतभावाच्या बैलाची नुसती झूल धरून चालायची. स्वतःचा बैल घेऊन रांगेत उभं राहायचं हे तिचं पहिलंच वर्ष. ती रडली नाही, आणि रजतला भीती वाटली ती त्याचीच.

"काका, संध्याकाळी पोळा भरते," ती म्हणाली. "मले बैल पायजे."

रजत बाजाराच्या गावी, मुकुटबनला जाऊन आला. दुकानातले बैल संपले होते. सुताराने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू हा मांडवात अक्षता पडल्यावर नवरदेव विचारायला आला आहे.

रजत नागपूरला जीवाश्मांवर संशोधन करायचा. त्याचे वडील सदाशिवराव लोकांना सांगत, "पोरगा हाडाचा डॉक्टर होय." त्यामुळे सुट्टीत तो घरी आला, की गावातले दोन-चार गुडघे त्याला दाखवायला येत. माझे पेशंट मरून साडेसहा कोटी वर्षं झालीत, असं सांगूनही लोक म्हणत, "तरी पण पाहून घे ना बाबू."

अशा माणसाच्या घरात माळ्यावर काय असणार? कॉलेजच्या प्रदर्शनासाठी केलेला प्लायवूडचा डायनोसॉर होता. बकरीएवढं अंग, तेवढीच लांब मान, तेवढंच लांब शेपूट. रजतने मोडक्या बैलाची चाकं काढून त्याला बसवली. वहिनीने झूल चढवली, गळ्यात घुंगरमाळ घातली. शिंगांना लावायचा बेगड उरला, तो शेपटाला गुंडाळला. रंग हिरवा असूनही सलोनीने त्याचं नाव ढवळ्या ठेवलं, कारण ते आधीच्या बैलाचं होतं आणि चांगलं नाव वाया कशाला घालवायचं.

"काका, हा बैल होय ना?"

"होय म्हण," रजत म्हणाला. "कोणी विचारलंच तर मी आहो."

ते विचारलं गेलं. मारुतीच्या पटांगणात आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं होतं, पोरांच्या उंचीला बेताचं, आणि त्याच्यासमोर चाकांच्या बैलांची रांग लागली होती. रांगेची तपासणी गुलाबसिंग करत होते. त्यांच्या पूर्वजांनी बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूखच्या मुलूख पालथे घातले होते. ते स्वतः बाजारात बैलाचा जबडा उघडून वय सांगत, आणि त्यांनी सांगितलेलं वय बैलालाही मान्य करावं लागे.

ते ढवळ्यासमोर बराच वेळ उभे राहिले.

"हे काय होय?"

"बैल," सलोनी म्हणाली.

"टायटॅनोसॉर," रजत त्याच वेळी म्हणाला, आणि सलोनीने त्याच्या पायावर पाय दिला. त्याने घाईने सावरलं. "म्हणजे काका, जुन्या काळचा. आपल्या विदर्भाच्या मातीत याची हाडं सापडतात. चार पाय हायेत, निव्वळ चारा खाते. पूर्ण देशी."

"शिंगं?"

"नाही."

"वशिंड?"

"नाही. पण मान पाहा ना."

"मानच पाहून राह्यलो," गुलाबसिंग म्हणाले. "वखराले जुंपला आन् धुऱ्यावर वळवला, तर याचं तोंड शेजाऱ्याच्या वावरात जाईन. तूर त्याची खाईन आन् भांडण मले."

बाजूला तानाबाई बसल्या होत्या. त्यांचा नातू रांगेत पहिला होता. त्यांनी विचारलं, "शेण किती देत असन गा हा?"

"रोजची ट्रॉली भरत असन, आजी," रजत म्हणाला.

पटांगणातल्या शेतकऱ्यांचा ढवळ्याकडे पाहण्याचा दृष्टिकोन लगेच सुधारला. कोणीतरी त्याच्या पाठीवरून हातही फिरवला. पण गुलाबसिंग शेणाने हलणारे नव्हते. ते खाली बसले आणि ढवळ्याच्या तोंडात त्यांनी बोट घातलं.

"काका, हळू," रजत म्हणाला. त्या तोंडात त्याने महिनाभर खपून बांबूच्या काड्यांचे दात बसवले होते. त्याच्या सरांनी आजवर केलेलं एकमेव कौतुक या दातांचं होतं.

"वरते समोर दात हायेत," गुलाबसिंग उठत म्हणाले. "बैलाले वरते समोरचे दात नसतात. घोड्याले असतात, गाढवाले असतात. घोड्यासारखं तर हे दिसत नाही."

म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं.

सलोनी पुढे झाली आणि तिने तोंड उघडलं. "माह्ये बी वरते नाहीत. मंग मी काय बैल होय?"

गुलाबसिंगांनी वाकून तिच्या तोंडात पाहिलं. सवयच ती. मग म्हणाले, "पोरीचा इचार करून मांगं उभं राहू देतो. पण बैल म्हणून नाही. पाहुणा म्हणून."

सलोनी रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. पाहुण्याला औक्षण नसतं, पाहुण्याला घेऊन घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागता येत नाही, हे तिला ठाऊक होतं. तिचा खालचा ओठ थरथरत होता. रजतला वाटलं, यापेक्षा ती सकाळीच रडली असती तर बरं झालं असतं.

झडत्या, पोळ्यात ललकारायच्या जोडओळी, सुरू झाल्या. आवाजाची देणगी असलेल्या एकाने मागे पाहून हाक दिली:

"हिरवा बैल सलोनीचा, शेपूट त्याचं लांबलांब,
मान त्याची पाहून लाजला लाईटीचा खांब."

"हर हर महादेव," पटांगण म्हणालं.

रांग सरकू लागली, आणि एक अडचण पुढे आली. ढवळ्याची मान आडवी होती. पुढच्या बैलाला ती मागून ढोसत होती, तो बैल त्याच्या पुढच्याला, आणि हा धक्का तानाबाईंच्या नातवापर्यंत पोचत होता. या प्राण्यांची मान आडवी असायची की उभी, यावर शास्त्रज्ञांमध्ये जुना वाद आहे. सर आडवीच्या बाजूचे, रजत उभीच्या. म्हणून त्याने गुपचूप मानेत एक बोल्ट ठेवला होता.

"ते मान वर कर बे," गुलाबसिंग ओरडले. "समदी लाईन ढकलून राह्यला तो."

रजतने बोल्ट फिरवून मान उभी केली. रांग सुरळीत झाली. सलोनी ढवळ्याला ओढत तोरणाखाली आली. ढवळ्या मात्र पूर्ण आला नाही. त्याचं डोकं तोरणात अडकलं. तिने जोर लावला, सुतळी तुटली, आणि आंब्याची पानं तिच्या डोक्यावर पडली.

तोरण तुटलं, की पोळा फुटतो. सगळे बैल खालून गेल्यावर ते तोडायचा मान गुलाबसिंगांच्या घरच्या बैलाचा. तो बैल अजून बाजूला कुंकू लावून घेत होता.



तानाबाईंनी शांतपणे हिशेब मांडला. "गुलाबसिंग, तू याले गाढव म्हटलं ना? मंग यंदा आपल्या गावाचा पोळा गाढवानं फोडला."

"मी तसं म्हटलं नाही. पाहुणा म्हटलं."

"त्याच्या आंधी दाताचं म्हटलं. समद्यायनं आयकलं. आता बाजूच्या गावाले मालूम पडू दे, मंग पाह्यजो. आपल्या पोराच्या लग्नात पोरीवाले घोड्याच्या ऐवजी काय आणतीन ते."

गुलाबसिंगांनी ढवळ्याकडे पाहिलं, गर्दीकडे पाहिलं. दोन-तीन मोबाईल वर आले होते. कोणत्याही क्षणी हा प्रकार मुकुटबनला पोचला असता.

"तोरण बैलच तोडते," ते सावकाश म्हणाले. "म्हणून हा बैल होय." मग हळूच, "रजत, पक्कड आन."

रजत पक्कड घेऊन उभा राहिला. समोर महिन्याभराची मेहनत होती, सरांचं कौतुक होतं. पलीकडे सलोनी होती, केसांत आंब्याची पानं, आणि ओठ आता थरथरत नव्हता, नुसता वाट पाहत होता.

"या प्राण्याचे दात आयुष्यभर पडत आन् नवे येत," तो मोठ्याने म्हणाला. हे खरंच होतं. "आज वरचे पडायची वेळ होय." आणि त्याने एकेक काडी उपटली.

सलोनीने त्या काड्या ओंजळीत गोळा केल्या आणि पडलेल्या दुधाच्या दातांचं करतात तसं, देवळाच्या छपरावर भिरकावल्या. "आता नवे येतीन," तिने ढवळ्याला सांगितलं आणि दोघांनी सारख्याच बोळक्या तोंडाने गर्दीकडे पाहिलं.

तोरण तोडणाऱ्याला पहिला मान, म्हणून त्या संध्याकाळी ढवळ्या सगळ्या गावात फिरला. बायकांना कुंकू कुठे लावावं ते कळेना. काहींनी स्टूल आणलं, काहींनी रजतला मान खाली करायला लावली. आडव्या मानेचीही आपली सोय आहे, हे त्याने मनातल्या मनात सरांना कबूल केलं. सलोनीची पिशवी बोजाऱ्याने भरली.

शेवटचं घर गुलाबसिंगांचं. त्यांनी स्वतः ढवळ्याच्या पायावर पाणी घातलं, म्हणजे चाकांवर. सलोनीच्या पिशवीत चिवड्याचा पुडा टाकला आणि रजतला बाजूला घेतलं.

"एकटा बैल बरा दिसत नाही," ते म्हणाले. "पुढच्या साली याचा जोडीदार आन. पण आंधी मले दाखवजो. दात मी पाहीन."